पानवेलीचं फळ

त्या गावात पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक होती हे मी पुढचे नऊ दिवस मान्य केलं नाही.

गाव इंडोनेशियात, फ्लोरेस नावाच्या बेटावर, अगदी समुद्राला लागून. त्याचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. चाळीसेक घरं, काळी वाळू, आणि मागे धुराची बारीक रेघ सोडणारा डोंगर. आमच्या वसईजवळच्या निर्मळला त्या गावाबद्दल कुणी ऐकलेलं असायचं कारण नाही. मला माहीत, कारण माझी एकुलती एक मुलगी तिथे सिस्टर आहे. एकवीस वर्षं तिथला लहानसा दवाखाना सांभाळते, बाळंतपणं करते.

मी तिला परत आणायला गेलो होतो. बायकोची माती होऊन वर्ष उलटलं होतं, वाडीत मी एकटा. मुलीच्या मठातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वडिलांना गरज असेल तर तिची वसईत बदली करता येईल. मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं, बाबा. पण आधी एकदा इथे येऊन बघा, मग सांगा." म्हणजे निकाल माझ्या हातात. मला ते बरं वाटलं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. ती मठात गेली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तिने ठरवलं, फादरांनी आशीर्वाद दिला, बायको रडली आणि हो म्हणाली. मला फक्त तारीख कळवली. तिच्या व्रताच्या मिस्सेला, चर्चमधल्या त्या विधीला, मी गेलो नाही. त्या सकाळी पानवेलींना पाणी देत बसलो. लोक अजून त्यावर बोलतात. बोलू देत.

ओळखीचे एक फादर त्याच बाजूला सभेला चालले होते, त्यांच्या सोबतीने निघालो. तीन विमानं, त्यातलं शेवटचं एसटीच्या गाडीएवढं, मग ट्रकच्या मागे बाकड्यावर बसून चार तास. गावात उतरलो तेव्हा मी जागा होतो की झोपेत, सांगता येत नाही. ओहोटी लागलेली. किनाऱ्यावर ताडाची झाडं, केळी, माडाखाली वाळत घातलेली मासळी. मला वाटलं, मी कुठे गेलोच नाही. आपलाच किनारा, फक्त माझ्या आजोबांच्या वेळचा. आता वळणावर कोणीतरी भेटेल आणि म्हणेल, काय रे, एवढा म्हातारा कधी झालास.

ज्या घरी मला उतरवलं ते एका म्हातारीचं. सगळं गाव तिला ओमा म्हणतं, म्हणजे आजी. मुलगी पहिल्या वर्षी तापाने फणफणली होती तेव्हा या ओमानेच तिला महिनाभर पोटच्या पोरीसारखं जपलं. बांबूचं घर, खांबांवर उचललेलं. चटईवर गावातली पाचसहा माणसं बसलेली. ओमाने ताडाच्या पात्यांची करंडी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. आत सुपारी, चुना, आणि बोटभर लांब हिरव्या शेंगा.

"हे काय?" मी मुलीला विचारलं.

"पान, बाबा. घ्या."

"ह्याला पान म्हणतात? शेंगा आहेत ह्या."

"पानवेलीचंच फळ आहे. इथे पानाऐवजी फळ खातात."

मला हसू आलं. "साठ वर्षं पानवेल लावतोय मी. तिला फळ धरलेलं पाहिलं नाही. मिरवेल असणार ही. सांग त्यांना, कुणीतरी फसवलंय तुम्हाला."

"असलं मी काही सांगणार नाही. एक तुकडा तोंडात टाका फक्त."

मी करंडी हाताने बाजूला केली. कमरेची चंची काढली, ओल्या फडक्यात गुंडाळून नेलेलं माझ्या वाडीचं पान पुसलं, चुना लावला आणि सगळ्यांदेखत विडा खाल्ला. ओमा माझ्याकडे बघत राहिली आणि करंडी हळूच मागे ठेवून दिली.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "इथे पाहुण्याने करंडीतलं घेतलं की मग बोलणं सुरू होतं. तोवर तो अजून दारातच उभा आहे असं धरतात."

"मग मी दारातच बरा."

"उभे राहा. आईपुढेही असेच उभे राहायचात."

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, तुला न्यायला आलोय हे ओमाला सांगून टाक. तिने मान हलवली. "तुम्ही मला नेणार, तर तुम्हीच सांगायचं. आणि पान घेतल्याशिवाय ती ऐकायची नाही." म्हणजे माझीच अडवणूक, आणि तीही माझ्याच हट्टाने. पण हट्ट सोडला तर मी मी कसला.

ओमा रोज संध्याकाळी करंडी पुढे करी. मी रोज नको म्हणे. चौथ्या दिवशी माझी पानं काळी पडून संपली. तोंड आंबल्यासारखं झालं, तरी मागितलं नाही.

ते दिवस मात्र कसे गेले ते आजही धुक्यातून दिसावं तसं दिसतं. सकाळी होड्या यायच्या, दोन्ही बाजूंना बांबूचे हात पसरलेल्या, पाण्यावर चालणाऱ्या किड्यांसारख्या. बायका अंगणात निळं सूत वाळवायच्या, वारा आला की सगळं अंगण समुद्रासारखं हलायचं. संध्याकाळी देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, माळेची प्रार्थना व्हायची. शब्द एकही कळत नसे, पण कुठे थांबायचं, कुठे उचलायचं ते माझ्या ओठांना कळे. मी आमच्या बोलीत म्हणत राही आणि बरोबर त्यांच्यासोबत संपवी. एकदा डोळे मिटलेले असताना शेजारी बायको गुडघे टेकून बसलीय असं वाटलं. मी डोळे उघडायची घाई केली नाही.

नवव्या दिवशी ओमाच्या घरामागे गेलो. एका वाकड्या झाडावर वेल चढलेली. पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. पानवेल. शंका घ्यायला जागाच नव्हती. आणि तिच्या पानांआड ती हिरवी बोटं लोंबत होती. मी तिथेच खाली बसलो. माझ्या बापाने लावली, मी लावली, आयुष्य तिच्या सावलीत गेलं, आणि तिला फळ धरतं हे मला ठाऊक नव्हतं.

वेलीची निगा मात्र वाईट होती. बुंध्याशी तण माजलेलं, वेल अर्धी सुटलेली. मी ओमाचा कोयता घेतला, तण काढलं, पाला पसरला, केळीच्या सोपटाने वेल पुन्हा झाडाला बांधायला घेतली. ओमा मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती काहीतरी बोलली आणि मुलगी हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, हा माणूस माझ्या वेलीशी बोलतो, माझ्याशी नाही."

त्या संध्याकाळी करंडी आली तेव्हा मी फळ उचललं, चुन्यात बुडवलं, सुपारीबरोबर चावलं. आमच्या पानापेक्षा जहाल. कानशिलं गरम झाली, डोळ्यांत पाणी आलं. कोणी हसलं नाही. मी घसा साफ केला आणि मुलीला म्हटलं, "आता सांग त्यांना."

पण ओमाने हात वर केला. आधी तिला बोलायचं होतं. ती बोलत गेली आणि मुलीची मान खाली गेली.

"काय म्हणते?"

मुलगी चटईकडे बघत एकेक शब्द सांगू लागली. "म्हणते, एकवीस वर्षं आम्ही तुमची मुलगी तुम्हाला न विचारता ठेवून घेतली. आमच्यात मुलगी घेताना बापापुढे पान धरतात. मी पहिल्या दिवसापासून धरतेय, तुम्ही घेतच नव्हतात. आता घेतलंत, तर विचारते. ठेवू का हिला?"

मी आलो होतो सांगायला, आणि ही मला विचारत होती. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

लगेच हो म्हणणं माझ्या स्वभावात नाही. म्हणालो, "विचार करून सांगतो."

ओमा म्हणाली, "कर. वेल अजून अर्धीच बांधून झालीय."

दोन दिवस मी वेल बांधली. दवाखान्याच्या ओसरीवर मुलगी एका पोटुशीशी त्यांच्या भाषेत बोलत होती, मध्येच पोट धरून हसली. ती घरी अशी हसल्याचं मला आठवेना. वाडीतलं रिकामं घर मला दिसत होतं. चुलीशी एक ताट, ओट्यावर एक खुर्ची. ते दिसायचं थांबलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी करंडी पुढे आली. मी फळ घेतलं, चावलं, आणि मुलीकडे न बघता आमच्या घरच्या बोलीत म्हणालो, "ठेवा."

दुसरं कोणी ती भाषा जाणणारं नव्हतं. ओमाला ते तिलाच सांगावं लागणार होतं. ती ओमाकडे वळली. बोलू लागली. मी एकच शब्द बोललो होतो, ती मात्र बोलतच राहिली. मध्ये एकदा तिने माझ्याकडे बोट दाखवलं, एकदा समुद्राकडे. काय काय सांगितलं ते मी विचारलं नाही.