बियांसाठी बारीक

"काका, हे जाडं पीट मॉस मोठ्या कुंड्यांचं. बियांना बारीक लागतं," आरे कॉलनीतल्या नर्सरीवाल्या मावशी म्हणाल्या.

"अहो, इम्पोर्टेड आहे हे! पाकिटावरचं इंग्रजी येतं का वाचता?" गिऱ्हाईक हसलं.

मावशींनी उघड्या पाकिटातला तो कुजलेल्या शेवाळाचा भुसा मूठभर घेतला, ओला करून दाबला आणि तळहात उघडला. जाड काड्या लगेच सुट्या झाल्या.

"कोवळं मूळ यात कशाला धरणार? रोप मरणार असेल तर मी माल विकत नाही," असं म्हणून त्यांनी पाकीट फळीवर परत ठेवलं.

मी दर रविवारी इथे येते आणि फारसं न बोलता रोपं विकत घेऊन जाते. त्या दिवशी मात्र मी ते पाकीट उचलून वाचलं. मावशींचा मला केवढा अभिमान वाटला!

"काका," मी मोठ्याने म्हणाले, "इंग्रजीतही मावशींचंच म्हणणं छापलंय."