फेलिझ्मिना आत्याच्या तेवीस जाती

माझी आत्या फेलिझ्मिना रविवारी चर्चला जातानासुद्धा खिशात कलमाची सुरी ठेवायची. दांव नदीकाठच्या आमच्या गावात कलमं बांधणं हे पुरुषांचं काम. पण आजोबांना मुलगा झाला तो तिच्या पाठीवर नऊ वर्षांनी, तोवर सुरी तिच्या हातात बसून गेली होती. तो मुलगा म्हणजे माझे बाबा, अबिलिओ.

आजोबांच्या बागेत शेजारशेजारच्या दोन वेली कधी एका जातीच्या नसत. काळी, पांढरी, लालसर, सगळी द्राक्षं एकदमच तोडायची आणि आत्याच्या घरच्या दगडी कुंडात पायांनी तुडवायची. वरून काही घालायचं नाही. दोन-तीन दिवसांत रस आपोआप फसफसू लागे आणि आम्ही पोरं कुंडाला कान लावून बसायचो. जांभळे झालेले पाय आठवडाभर तसेच राहत. शाळेत त्याची केवढी ऐट! बागेत ‘कुत्र्याचं द्राक्ष’ नावाची एक जात होती, भलतीच आंबट. ती कशाला, असं विचारलं की आत्या म्हणायची, “घरात एक तरी तोंडाळ माणूस हवं गं, नाहीतर बाकीचे झोपा काढतात.”

१९८८ साली बाबांनी बाग उपटायचं ठरवलं. जुन्या वेली काढून एकाच जातीची लागवड करणाऱ्याला तेव्हा सरकारी मदत मिळत होती. बाग बाबांच्या वाट्याची. आत्याकडे घर, कुंड आणि मागचा उताराचा तुकडा.

“ऐंशी वर्षांच्या वेली आहेत त्या, अबिलिओ.”

“म्हणूनच, ताई. म्हाताऱ्या झाल्यात, घड लागत नाहीत.”

“मीपण म्हातारी झालेय. मलाही उपट.”

“तुला उपटायला एक ट्रॅक्टर पुरायचा नाही!”

आत्या हसली नाही, भांडलीही नाही. जानेवारीच्या कडाक्यात ती पंधरा दिवस बागेत जात राहिली. प्रत्येक जातीच्या काड्या कापल्या, जुड्यांना रंगीत चिंध्या बांधल्या आणि तळघरातल्या ओल्या वाळूत पुरून ठेवल्या. तेवीस जाती भरल्या. त्यातल्या तिघींची नावं तिलाही ठाऊक नव्हती. त्यांना तिनं गावातल्या तीन भांडकुदळ बायकांची नावं दिली.

फेब्रुवारीत ट्रॅक्टर आला. मुळं दोरखंडासारखी लांबच लांब निघाली. आत्या बांधावर उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. मार्चमध्ये तिनं घरामागच्या उतारावर कलमांसाठी नवे खुंट लावले आणि वाळूतल्या काड्या शेजारीच रुजवल्या. पुढच्या मार्चमध्ये त्या रोपांच्या काड्या खुंटांच्या चिरेत बसवून पाचर कलमं केली. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे टेकून.

बहीणभावांचं बोलणं मात्र बंद झालं. मी गावच्याच शाळेत शिकवत होते, जाता-येता निरोप माझ्यामार्फत. “तुझ्या आत्याला सांग, कौल फुटलंय.” “तुझ्या बापाला सांग, मला डोळे आहेत.” अशी सहा वर्षं गेली. बाबांच्या सरळ रांगांना घड भरपूर लागले, पण ती वाइन जेवताना ते मुकाट पीत, चांगली-वाईट काहीच बोलत नसत.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात, सांव मार्तिन्युच्या सणाला, नवी वाइन चाखायच्या दिवशी, आत्यानं माझ्या हातात एक मडकं दिलं. “तुझ्या बापाच्या ताटाशेजारी ठेव. कुणाची ते सांगू नकोस.”

बाबा भाजलेले चेस्टनट सोलत होते. एक घोट घेतला आणि सोलणं थांबलं.

“ही कुठून आणलीस?”

दुसरा घोट त्यांनी तोंडात घोळवला.

“अगं, ही माझ्या बापाची वाइन आहे.” डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. टोपी चढवून ते तसेच बाहेर पडले. मी मागोमाग गेले.

आत्या दारातच होती. “सहा वर्षं लागली तुला रस्ता ओलांडायला?”

“ताई, चुकलं माझं.”

“ते मला ठाऊक आहे. काड्या किती हव्यात ते बोल.”

पुढच्या मार्चमध्ये बाबांच्या सरळ रांगांची डोकी उडवून दोघांनी त्याच खोडांवर जुन्या जातींची कलमं केली. “सुरी पाव कापायची नाही ती, अबिलिओ!” हे सबंध शिवाराला ऐकू जायचं. चौसष्ट वर्षांचे माझे बाबा तेव्हा मान खाली घालून हसत.

कलमं फळाला आल्यावर चार तोडण्या त्यांनी बरोबर केल्या. दुपारी भिंतीच्या सावलीत मक्याचा पाव आणि मेंढीचं चीज खात आजोबांच्या गोष्टी निघत, आणि एकाही गोष्टीवर दोघांचं एकमत होत नसे. २००१ मध्ये बाबा गेले. आत्या आणखी आठ वर्षं होती. शेवटच्या हंगामात तिला खुर्चीत बसवून बागेत नेलं. एकेका वेलीचे मणी तोडून दिले, तिनं ते चावले, बिया थुंकल्या आणि म्हणाली, “गुरुवारी तोडा.”

आता तोडणीचा तो गुरुवार माझा मलाच ठरवावा लागतो. पहिल्या वर्षी मी चार दिवस उशीर केला.