दोन ओले बांबू

दादाला गळ टाकायला नवी काठी हवी होती आणि ती एसटीत मावायला हवी होती. मागणी एवढीच. पण आमचा दादा म्हणजे सरळ बोट दाखवलं तर वाकडं बघणारा माणूस, त्यामुळे त्या काठीपायी आम्ही सगळे टेकीला आलो होतो.

दादा माझा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा येडगावहून नारायणगाव आणि तिथून मंचर अशी वारी करून तो डायलिसिसला जायचा. आमच्याकडे त्याला मशीनवर जाणं म्हणतात. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखा परत यायचा. उन्हाळ्यात एके दिवशी बसस्टँडवर जायची वेळ झाली तरी तो ओट्यावरून उठेना. म्हणाला, "आता बास. मी काय मोटार हाय का, दर आठवड्याला भराया न्यायला?"

हा टोमणा मला होता. नारायणगावात माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. मी चिडलो, वहिनी रडली, आणि शेवटी तोच वाटाघाटीला आला. मंचरच्या वाटेवर घोड नदीचा पूल लागतो. मशीनवरून येताना तिथं उतरायचं, तासभर गळ टाकून बसायचं आणि मग पुढची गाडी धरायची. हे मान्य असेल तर तो जाईल, नाहीतर नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले आणि बसू द्या म्हणाले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

गळ हा त्याचा जन्माचा नाद. धरणाच्या फुगवट्यावर तो बसला की जेवायला हाक मारून उपयोग नसायचा. पण त्याची जुनी काठी एकसंध, दीड पुरुष उंचीची. ती एसटीत घालायची म्हणजे कंडक्टरशी भांडण, आणि मोटरसायकलवर बसायचं त्याच्या अंगात बळ नव्हतं. मी पुण्याहून दुमडती फायबरची काठी आणली. चांगली छत्रीएवढी होत होती. दादानं ती उघडली, दोनदा हवेत हलवली आणि परत माझ्या हातात दिली. "हिला मासा लागला तर हिलाच कळंल, मला न्हाई कळायचं."

त्याला बांबूचीच हवी होती. तीन तुकड्यांची, सांध्याला पितळी नळ्या, पिशवीत घालून नेता येणारी. बुडखा भरीव हवा, शेंडा लवचिक. नदीवर लहानशा चिलापीला चालली पाहिजे आणि धरणावर दांडगी मरळ लागली तर मोडता कामा नये. एका काठीत सगळं. पितळी नळ्या माझ्या दुकानात होत्या. बांबू जुन्नरहून आणायचे ठरले. "दोन आण, लांब. आणि तिथं तोडू नको. कुठं तोडायचं ते मी ठरवीन," एवढं त्यानं बजावून सांगितलं.

जुन्नरला बांबूची एक जुनी वखार आहे. मालक मुसलमान, आमच्या वडिलांपासूनची ओळख. टोमॅटोच्या बागांना बांबू लागतात, मांडववाल्यांना लागतात, त्यामुळे वखारीत कायम गाड्या भरत असतात. त्या दिवशी मी सकाळपासून उपाशी होतो आणि बसमध्ये उभा राहून आलो होतो. तोंड कसं झालं असेल ते मला दिसत नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, दोन बांबू द्या. लांब, चांगले बघून."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. दादाचं दुखणं त्यांना माहीत होतं. हातातलं काम टाकून ते स्वतः उठले, गड्याला बाजूला केलं आणि मागच्या ढिगातून दोन बांबू काढून आणले. सुतळीचा गुंडा वर ठेवला. कामट्या लागतील का, एवढंच हळू आवाजात विचारलं. मला वाटलं, काठी बांधायला देत असतील. मी नको म्हणालो. भाव झाला नाही, चहा झाला नाही. एरवी "परत या भाऊ" म्हणणारा माणूस रस्त्यापर्यंत आला आणि नुसता उभा राहिला. मला आपलं वाटलं, म्हातारपणी माणूस मऊ होतो.

टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन येडगावकडे निघालेला एक पिकअपवाला भेटला. बांबू टपावर बांधले, मी पुढे बसलो. तोही गाडी हळू चालवू लागला आणि गाणी बंद केली. नारायणगावच्या चौकात गाडी थांबली तेव्हा आमच्या भावकीतला एक जण रस्त्यापलीकडे उभा होता. त्यानं बांबूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मी हात केला. त्यानं मान खाली घातली. काय शिष्ट माणूस आहे, असं म्हणून मी तोंड फिरवलं.

आता सांगताना माझ्याच अकलेची मला कीव येते. आमच्या भागात बांबू कुणी शेकड्यानं नेला तर टोमॅटोला, वीस-पंचवीस नेले तर मांडवाला. घरात आजारी माणूस असताना दोनच लांब बांबू नेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. विचारायचं नसतं. आपण गुपचूप त्याच्या मागं जायचं असतं.

घराच्या वळणावर आलो तर अंगणात माणसं. चौकातून फोन फिरले होते आणि आमच्या हळू गाडीच्या आधी सगळे पोचले होते. पुरुष कुंपणाकडेला, बायका जोत्याशी, आणि मधोमध ओट्यावर दादा, मांडीवर टॉवेल घेऊन बसलेला. वहिनी चहाचं आधण वाढवत होती. तिला काही कळत नव्हतं, कारण येणारा प्रत्येक जण दारात येऊन दादाला बघत होता, गप्प होत होता आणि "सहज आलो" म्हणून बसत होता. आलोच आहोत तर लगेच उठणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी उठतही नव्हतं. एकानं येताना बाजारातून मडकं आणलं होतं. ते त्यानं पाठीमागं पायाशी लपवलं होतं, पण मला गाडीतून सगळ्यात आधी तेच दिसलं.

पिकअप अंगणाशी थांबला. सगळ्यांनी टपावरच्या बांबूंकडे पाहिलं आणि मग दादाकडे. दादानंही पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो आधी हसला. "तरीच म्हणलं, आज सगळे सहज कसे आले! बसा राव, आता चहा घेऊनच जा. पुन्हा याल तवा मी न्हाई विचारणार."

दोघंतिघं हसले. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मला मात्र संताप आला, आणि त्याचं कारण फक्त तो घोटाळा नव्हता. त्या अंगणात एकाही माणसाच्या तोंडावर धक्का नव्हता. दादा गेला हे ऐकून कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. मडकं आणणाऱ्यानं तर किती शांतपणे मडकं निवडलं असेल. आणि हे मला दिसलं तसं दादालाही दिसत होतं.

"आण इकडं," तो म्हणाला. मी बांबू त्याच्यासमोर टेकवले. त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, मग सालीत नख रुतवलं. नख आत गेलं. "ओले हायेत. काठीला ओला बांबू देत न्हाईत. त्यानं तुला हे ताटीचे दिलेत, तिरडीचे."

वखारीतली सुतळी, कामट्या, चाचांचं रस्त्यापर्यंत येणं, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. मी म्हणालो, "मी उद्या हे परत देतो. वाळके आणतो."

"असलं सामान परत घेत्यात व्हय कुणी?"

"मग राहू दे हे. दुसरे आणतो."

"आणि हे दारात कुणासाठी ठेवायचे?" त्यानं दोन्ही बांबूंवरून हात फिरवला, बुडख्यापासून जिथवर हात पोचला तिथवर. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लांबीला बरोबर हायेत. तोडू नको. मशीनचं बी बघू आता. लई झालं."

वहिनीच्या हातात चहाची किटली होती, ती तिनं खाली ठेवली. मी घरात गेलो आणि करवत घेऊन आलो. एक बांबू अंगणात आडवा टाकला, त्याच्यावर पाय दिला आणि मधोमध करवत चालवायला लागलो. करवत सरकत होती, चरा वाकडा जात होता. भावकीतले एक आबा म्हणाले, "अरं, असू दे, नंतर बघू." मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. मला ते दोन बांबू त्या लांबीचे अंगणात नको होते.

दादा बघत होता. बांबू फाटल्यासारखा कर्र वाजला तसं त्याला राहवेना.

"पेराच्या जवळ धर की! मधीच काय कापतो? फुटंल अशानं."

मी करवत सरकवली. तो ओट्यावरून उतरला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि बोटानं खूण करत गेला. इथं बुडखा, इथं मधला, हा शेंडा. दोन्ही बांबूंचे तुकडे झाले. तुकडे त्यानं स्वतः सुतळीनं बांधले आणि वहिनीला म्हणाला, "सावलीत ठेव, उन्हात तडकंल. दिवाळीपर्यंत वाळंल." दिवाळी म्हटल्यावर सगळ्यांनी खाली पाहिलं. तो मात्र मला म्हणाला, "सोमवारची गाडी किती वाजता हाय रे?"

तो सोमवारी गेला आणि पुढंही जात राहिला. पावसाळाभर त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. मशीनवरून आला की पडवीत बसायचा, एखादा तुकडा मांडीवर घेऊन फिरवायचा, ठोकायचा. मी विचारायचो, झाला का? "अजून ओला हाय." गणपती झाले, नवरात्र बसलं. अजून ओला हाय. मी पितळी नळ्या घासून तयार ठेवल्या होत्या. घाई करू नको म्हणायचा.

दादा दसऱ्यानंतर गेला. बांबू आणायला मी गेलो नाही, दुसऱ्यांनी आणले.

तेरावा झाल्यावर पडवी झाडताना वहिनीनं ते तुकडे माझ्या हातात दिले. हातात घेताच ते इतके हलके लागले की मी दचकलो. नख रुतेना. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजले. असा बांबू आठ-पंधरा दिवसांत होत नाही, तो वाळून बराच काळ झाला होता. आणि आयुष्यभर काठ्या केलेल्या माझ्या भावाला ते कळलं नसेल हे शक्य नव्हतं. वाळला म्हटलं असतं तर काठी करून नदीवर जावं लागलं असतं, आणि पुलापासून पाण्यापर्यंत उतरायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. ओला म्हणत राहिला, तोवर त्याला पुढच्या सोमवारी गाडी धरायला कारण होतं.