धायरी ते विश्रांतवाडी: गिळलेल्या शैवालाच्या भेटीला

लोक लडाखला जातात, मी धायरीहून विश्रांतवाडीला गेले. हसू नका, पुण्यात हासुद्धा प्रवासच आहे. कारण माझी लेक ऋता. एमएस्सी झाल्यावर ती माझ्या वर्गमैत्रिणीकडे, जयूकडे, शैवालांच्या प्रकल्पावर गेली आणि तिथलीच झाली. हिंजवडीच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिला घरी आणायचंच, असं ठरवून मी निघाले.

जाणार असाल तर रविवारी सकाळी निघा. सगळं पुणं तेव्हा सिंहगडाकडे येत असतं आणि आपण उलट्या दिशेनं जातो. स्वारगेटला बस बदला आणि पोहे खाऊन घ्या. रिक्षा केलीत तर पोह्यांना पैसे उरणार नाहीत. पुढे आळंदी रस्ता. खिडकी मिळूनही मला बाहेरचं काही दिसलं नाही. जयूला माझी मुलगी आयती मिळाली, एवढंच डोक्यात होतं.

दार ऋतानंच उघडलं, जयूचा गाऊन घालून. "अगं आई, कळवायचं तरी!" मी पाहुणीसारख्या बाहेरच चपला काढल्या.

चहा झाल्यावर दोघी मला जवळच्या त्यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. काळ्या स्क्रीनवर एक निळा गोळा दिसत होता आणि त्याच्या बाजूला एवढासा निळा ठिपका.

"गोळा म्हणजे पेशीचं स्वतःचं केंद्रक आणि ठिपका म्हणजे आतल्या लाल शैवालाचं," ऋता म्हणाली. "फार पूर्वी एका पेशीनं ते शैवाल अख्खं गिळलं. पचवलं नाही, अन्न बनवायला आत ठेवून घेतलं."

"असतात असे लोक," मी जयूकडे बघून म्हणाले.

"अजून चहा हवाय का तुला?" जयू म्हणाली.

"पण हा ठिपका अजून कशाला राहिलाय?" मी ऋताला विचारलं.

"बऱ्याच शैवालांत तो गेला ना. त्याचे जीन्स मोठ्या केंद्रकात गेले. त्यासाठी आतलं हरितलवक कधीतरी फुटावं लागतं, मग डीएनए बाहेर येतो. इथे हरितलवक एकच. फुटलं तर पेशीच मरते. सो, काही कामं ट्रान्सफर झालीच नाहीत, ती हाच करतो. असं मानतात, अजून प्रूव्ह नाही झालेलं."

"म्हणजे एकुलतं एक."

"एक्झॅक्टली!"

नोकरीचा विषय जिभेवर होता. पण बारावीच्या निकालालाही तिचा चेहरा असा उजळला नव्हता. ओढून आणली असती तर आलीही असती, पण मग माझ्याशी धड बोलली नसती. मी विषय गिळला आणि जेवायला बसले. जयूची खिचडी उत्तम होती, त्याचाही राग आला.

परतले ती एकटीच. सोमवार गेला, नोकरीही गेली. माझा जळफळाट मात्र अजिबात गेला नाही.

मग एका संध्याकाळी ऋताचा फोन आला. "आई, अंग तापलंय. कुठली गोळी घेऊ?"

जयू घरातच होती, मागून तिचा आवाज येत होता. मी गोळी सांगितली, आल्याचा काढा सांगितला, आणि खरं सांगते, पोरीला ताप आला म्हणून मला आनंद झाला.