वेदीवर ठेवलेलं रक्त

"तुमच्या येशूने साखर चाटून घेतली वाटतं," सर म्हणाले आणि रिपोर्टांचा गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला.

लॅबमधले सगळे हसले. काउंटरवरची मुलगी हसली, नमुने आणणारा हसला. मीही हसले. ते हसणं मला अजून खुपतं.

अमरावतीच्या त्या खासगी लॅबमध्ये मी बारा वर्षं रक्त तपासते आहे. सर डॉक्टर. लॅब त्यांची, सही त्यांची. मशीनवर हात माझा. तरी मी ख्रिस्ती आहे हे त्यांना माझ्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. नाताळ आला की केक मागतात. एरवी चहा पिता पिता सहज बोलून जातात, तुम्ही लोक मिशनच्या दुधाच्या पावडरीवर बाटलेले. माझ्या आज्याने ती पावडर कधी बघितलीसुद्धा नव्हती. त्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, मिशनच्या विहिरीवर मिळालं. हे मी सरांना कधी सांगितलं नाही. सांगून काय, ते हसले असते.

असं हसं माझं पहिल्यांदा झालं ते अचलपूरला, दहावीत. विज्ञानाच्या गुरुजींनी उत्क्रांतीचा धडा काढला आणि मला बाकावर उभं केलं. "तुझा पूर्वज आदम की माकड? एकच सांग." वर्ग खदखदून हसला. त्याच रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत बाईंनी तेच विचारलं, फक्त माकड आधी आणि आदम नंतर. गप्प राहिले म्हणून एक अख्खं स्तोत्र पाठ करायची शिक्षा दिली. दोघांनाही उत्तर नको होतं. मी उभी राहिलेली हवी होते.

तेव्हापासून मला संशयाची सवय लागली. कोणी विज्ञान म्हणालं की मी त्याचा चेहरा बघते. कोणी देव म्हणालं तरी चेहराच बघते.

बाप गेल्यावर माय तेल्हाऱ्याला, तिच्या माहेरगावी, म्हणजे आज्याच्याच गावी, राहायला गेली. तिला साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन लागतं. घरात फ्रिज नाही. माठाखालच्या ओल्या वाळूत तिने एक छोटं मडकं पुरलंय, बाटली त्यात ठेवते. सुई टोचायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करते. मला त्यात कधी काही चुकीचं वाटलं नाही.

मे महिन्यात तेल्हाऱ्याच्या आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, साखर तपासणीचं शिबिर ठेवलं. तिथल्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, मला फोन केला. मी आनंदाने लॅबमधून तपासणी ठरवून दिली. मला रजा मिळाली नाही, म्हणून मंडळीतल्या एका नर्सताई रक्त काढणार होत्या. साखरेसाठी राखाडी टोपीची ट्यूब लागते. तिच्यात एक औषध असतं, ते रक्तातल्या पेशींना साखर खाऊ देत नाही. मी त्याच मागितल्या. सर म्हणाले, संपल्यात, लाल टोपीच्या दे, शिबिराला चालतं. चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी लाल, बिनऔषधाच्या, दिल्या. नर्सताईंना मात्र फोनवर तीनदा बजावलं, रक्त काढलं की बर्फात ठेवा आणि लगेच पाठवा.

पण आमच्यात एक रीत आहे. नवं काहीही आधी वेदीवर ठेवायचं. पेरणीचं बी, परीक्षेचं हॉलतिकीट, नव्या गाडीची किल्ली. पाळकसाहेब त्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, मग ते घरी न्यायचं. त्या दिवशी सकाळी सातला रक्त काढलं आणि ट्यूबांचा ट्रे वेदीवर गेला. उपासना दुपारपर्यंत चालली. वर पत्रे, बाहेर मे महिना. नंतर ट्रे एसटीने अकोल्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने अमरावतीला. माझ्या हातात आला तेव्हा पाच वाजले होते. ट्यूबा कोमट लागत होत्या.

रक्त अंगातून काढलं तरी त्यातल्या पेशी मरत नाहीत. तासन्‌तास जगतात आणि मिळेल ती साखर खात राहतात. कॉलेजात हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मी बाकावरच मनात देवाची स्तुती केली होती. इतकी जिवाची ओढ त्याने एका थेंबात ठेवली. कोणी तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की माझा देव आणि माझं मायक्रोस्कोप यांचं भांडण नाही. कोणी विचारलं नाही.

मशीनने आकडे दिले. सगळ्यांची साखर खाली. मायची एकशे पंधरा, जी उपाशीपोटी पावणेदोनशेच्या खाली कधी येत नाही. आणि पाळकसाहेबांची पस्तीस. त्यांनीही हौसेने रक्त दिलं होतं. पस्तीस साखरेचा माणूस घामाने निथळतो, बरळतो, जमिनीवर पडतो. पाळकसाहेब तर त्या सकाळी चार तास माईकवर बोलत होते.

मी सरांना माझ्या टेबलाशी बोलावलं. नमुने खराब झालेत, परत घ्यावे लागतील, असं मी म्हणाले. तेव्हा ते येशूने साखर चाटल्याचं बोलले. आणि हसू ओसरल्यावर म्हणाले, "शिबिराचं आहे, पाठवून दे. तुमच्या लोकांना काय कळतं?"

सर सही करून मोकळे झाले. मी रिपोर्ट पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं आणि एसटीने पाठवून दिलं. नोकरी माझी, भाड्याची खोली माझी, मी गप्प बसले. हे मी लपवणार नाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी वेदीवरून रिपोर्ट वाचले. चमत्कार म्हणाले. वेदीखाली एक टोपली ठेवली आणि ज्यांना देवाने बरं केलंय त्यांनी आपली औषधं तीत टाकावी, असं सांगितलं. मायने मडक्यातली बाटली नेऊन टाकली. रात्री फोनवर तिचा आवाज इतका हलका होता की मला खरं सांगवेना. सांगितलं ते निम्मंच, थोडे दिवस औषध चालू ठेव म्हणून. ती हो म्हणाली आणि ठेवलं नाही.

दोन आठवडे गेले. तिचं बोलणं जड यायला लागलं, सारखी तहान लागते म्हणाली. शनिवारी मी बस पकडली. घरी जाऊन तिच्या बोटाला सुई टोचली आणि पर्समधल्या छोट्या मशीनवर साखर बघितली. चारशे बारा.

"तुहं मशीन खोटं हाय," माय म्हणाली. "देवानं मले बरं केलं. तू कावून आडवी येऊन राहिली?"

तेच मशीन तिने तीन वर्षं खरं मानलं होतं. मी वाद घातला नाही. दुकानातून नवी बाटली आणली. तिने हात दिला नाही. रात्रभर दोनदा तीनदा उठून पाणी पीत राहिली आणि मी जागी राहून तिचा श्वास ऐकत राहिले. मला भीती वाटली. मग स्वतःची चीड आली. ते पाकीट माझ्या हाताने चिकटवलेलं होतं.

सकाळी उपासनेत पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. ज्या बहिणीने आपल्या हाताने हा चमत्कार तपासला तिने साक्ष द्यावी, म्हणाले. मी माईक घेतला.

"हे रिपोर्ट खोटे आहेत," मी म्हणाले. "रक्त दिवसभर गरमीत राहिलं, पेशींनी साखर खाल्ली. लॅबला हे माहीत होतं. मला माहीत होतं. तरी मी ते पाठवले. कोणीही औषध सोडू नका. माझ्या मायची साखर काल चारशेच्या वर होती."

पाळकसाहेब खाली उतरले आणि माझ्या हातातून माईक ओढून घेतला. वेदीवरची त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली.

"दोन बुकं शिकली अन् देवाची परीक्षा घेऊन राहिली," ते म्हणाले. "हिच्या मायवर देवाची कृपा झाली, ते हिले पाहावत नाही."

मागून कोणी तरी म्हणालं, शहरात राहून बिघडली. माय पदराने तोंड झाकून बसली होती. मी पुन्हा दहावीच्या बाकावर उभी होते. फक्त आता माझ्या पर्समध्ये मशीन होतं.

मी ते काढलं. माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या रिपोर्टात तुमची साखर पस्तीस आहे. तेवढी असती तर तुम्ही त्या दिवशी इथेच पडला असता. बोट द्या. आत्ता बघू."

पाळकसाहेबांनी हात पाठीमागे घेतला.

बस्स. तेवढंच मला बघायचं होतं. ज्याचा विश्वास पक्का, तो बोट मागे घेत नाही. ज्याचं विज्ञान पक्कं, तो खराब नमुन्यावर सही करत नाही. अशाच माणसांनी जन्मभर मला विचारलं, देव की विज्ञान, आणि स्वतःजवळ यातलं काहीच ठेवलं नाही.

मी वाकून टोपली उचलली. इन्सुलिनच्या बाटल्या पत्र्याखालच्या उकाड्यात खराब झाल्या होत्या. गोळ्या मात्र ज्याच्या त्याच्या हातात परत दिल्या. काहींनी घेतल्या, काहींनी तोंड फिरवलं. नर्सताईंनी कोणाची कोणती ते ओळखून माझ्यासोबत वाटल्या.

मायने दुपारी हात पुढे केला. माझ्याकडे न बघता. तिची प्रार्थना संपेपर्यंत मी सुई धरून थांबले, मग टोचली. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. न बोलो. तिची साखर मी दर आठवड्याला बघते.

सोमवारी लॅबच्या रजिस्टरात त्या सगळ्या नमुन्यांपुढे मी लाल पेनाने लिहिलं, नमुना अयोग्य, आणि खाली माझी सही केली. सरांनी विचारलं, हे कोणाला विचारून? म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघ. मी म्हणाले, पुन्हा खराब नमुना आला तर पुन्हा लिहीन. या वेळी कोणी हसलं नाही. मीही नाही.

आता नाताळाआधी मंडळीत परत शिबिर आहे. पाळकसाहेबांनी निरोप धाडलाय की मी येऊ नये. मी जाणार आहे. चर्च माझ्या आज्याचं आहे, लॅबमधलं काम माझं आहे. दोन्हीतलं एकही मी सोडणार नाही. राखाडी टोपीच्या ट्यूबा मी स्वतः घेऊन ठेवल्यात आणि बर्फाचा डबाही. ज्याला प्रार्थना करायची त्याने करावी, मीही करीन. पण ट्रे वेदीवर जाणार नाही. आणि पहिलं बोट पाळकसाहेबांचं.