मोठेबाबांच्या शेताचे फोटो

फोन मोठीमायनेच केला. "तुहे मोठेबाबा गेले वो बाई," ती म्हणाली. मग लगेच, "धान कापाले आला होता…" मी नागपुरात, स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. रडू आलं नाही. आधी लाज वाटली. ती का, हे सांगायलाच तेरवी होऊन तीन आठवडे उलटल्यावर लिहायला बसले आहे.

वडिलांच्या थोरल्या भावाला आमच्याकडे काका म्हणत नाहीत, मोठेबाबा म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला मोठीमाय. चामोर्शीपासून आत, बस जिथून वळून परत फिरते, त्या गावात त्यांचं घर आणि धानाचं शेत. माझे वडील मास्तर होऊन बाहेर पडले, मोठेबाबा राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सुट्टीत मी आणि दादा गेलो की ती दोघं आम्हाला डोक्यावर घेऊन नाचत. बाबा वारल्यावर त्यांच्या हिश्शाचं शेतही मोठेबाबाच कसत आणि वर्षाचे तांदूळ न चुकता बसवर चढवून नागपूरला पाठवत. त्या तांदळाला जाड म्हणून नाक मुरडणारे आणि संपले की फोन करणारेही आम्हीच.

यंदा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मी गेले ती मात्र वेगळ्याच कामाला. पुण्याच्या दादाने बाबांचा हिस्सा विकायचं मनात घेतलं होतं. चंद्रपूरची एक पार्टी तयार होती, तिला फोटो हवे होते. "तू जवळ आहेस, आणि तुझा मोबाइल चांगला आहे," दादा म्हणाला. मीही हो म्हणाले. मला तरी कुठे शेती करायची होती! मोठेबाबांना सांगितलं, आठवण म्हणून फोटो काढायचेत. ते इतके हरखले की धुतलेलं धोतर नेसून माझ्या पुढे चालू लागले. बांध घालून पाडलेल्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे बांधीला, नाव होतं. ही मोहाखालची, ही बोडीजवळची, म्हणजे छोट्या तळ्याजवळची, ही आजीची, कारण आजीने टोपल्याटोपल्याने गाळ वाहून ती भरून काढली होती… ते नावं सांगत होते, मी "हो, हो" करत डांबरी रस्ता टिपत होते. मग विजेचा खांब, मग बोअरवेल. पार्टीने तेवढंच मागितलं होतं.

मोठेबाबा थबकले. "रस्त्याचा काऊन काढून राह्यली वो? रस्ता तं सरकारचा हाय."

उजेड छान आहे, असं काहीबाही मी पुटपुटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. शेतात जन्म गेलेल्या माणसाला, कोण कशाकडे बघतो यावरून तो कशाला आलाय ते कळतं, हे माझ्या शहाण्या डोक्यात शिरलंच नाही.

"चप्पल काढ अन् ये खाली," ते म्हणाले. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक पेंडी त्यांनी माझ्या हातात दिली. "लाव एक ओळ." रोवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. चिखल घोट्यावर चढला, गार… आणि काय सांगू, पाय काढावासाच वाटेना. माझ्या आजीचे, तिच्या सासूचे पाय याच चिखलात असेच रुतले असतील, असं वाटत राहिलं. वाकून वाकून कंबर मोडली. ओळ संपवून मागे पाहिलं तर ती साप गेल्यासारखी वाकडी. मोठेबाबा पोट धरून हसले. "तुह्या बापाचीबी अशीच! मास्तर झाला तेच बरं झालं."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण चार वाजले, शिवारात वाघ फिरत असल्याने बाया लवकर निघाल्या, त्यांच्याबरोबर आम्हीही. घरी चहा झाला, जेवण झालं, सकाळची बस आली. मी तिच्यात चढले.

फोटो मी दादाला पाठवले नाहीत. विकायचं नाही, असंही म्हणाले नाही. माझं तळ्यात-मळ्यात चाललं होतं, तेवढ्यात कार्तिकात मोठेबाबा अंगणात बसल्या बसल्या गेले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मोठीमाय त्यांचे कपडे आवरत होती. खुंटीवरच्या बंडीच्या खिशातून तिने एक कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. बाबांच्या हिश्शाचा सातबारा होता तो, दादाचं आणि माझं नाव असलेला.

"तू गेली त्याच हप्त्यात चामोर्शीले जाऊन आनला," ती म्हणाली. "गुडघा दुखे त्याह्यचा. मी जाऊ नका म्हनलं, तं म्हने, पोरीले जमीन इकाची हाय, पन कागद मांगाले लाजन. आली का देऊन देजो."

तेव्हा मात्र मी रडले, मोठ्याने, लहान पोरीसारखी. सातबारा आता मोबाइलवर घरबसल्या निघतो. मोठेबाबांना ते ठाऊक नव्हतं. ज्या मातीत त्यांनी हयात घालवली ती विकताना मला ओशाळं व्हायला नको, म्हणून ते दुखरा गुडघा घेऊन बसमध्ये चढले आणि दिवसभर कुणाच्या तरी टेबलासमोर ताटकळले.

दादाला मी नाही म्हणून कळवलंय. तो चिडला आहे, आणि त्याचंही सगळं चूक नाही. शेत कोण बघणार, ते अजून ठरायचं आहे. कागद माझ्या कपाटात आहे. त्याची घडी बंडीच्या खिशाएवढी आहे. अधूनमधून काढून वाचते, आणि त्यांनी घातली होती त्याच घडीत पुन्हा ठेवते.