हिऱ्यातला काळा डाग

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच. तेव्हा हसा, पण चहा खाली ठेवून हसा. गेल्या उन्हाळ्यात मी ग्राहकाचे हक्क मागायला अकोल्याहून अमरावतीला गेले होते. कडेवर दीड वर्षाची पोर, पिशवीत पावती आणि डोक्यात राग.

झालं असं, की पोर झाली तेव्हा माझ्या बाबांनी पैसे दिले, तिच्या नावानं काही घे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "सोनं घे. हिऱ्यातलं आपल्याले काय समजते?" मी ऐकलं नाही. माहेरी अमरावतीला गेले, तिथल्या एका मोठ्या दुकानातून ज्वारीच्या दाण्याहून लहान हिऱ्याचं पेंडल आणलं. सोबत कार्ड होतं. रंग एफ, म्हणजे पाण्यासारखा पांढरा, आत डाग नाही. मी शिकले सातवीपर्यंत, पण ते कार्ड मला कवितेसारखं पाठ होतं.

पोर मोठी होईपर्यंत पेंडल माझ्याच गळ्यात. दुपारी ती झोपली की मी खिडकीशी बसायची आणि हिरा उन्हात धरायची. भिंतीवर लाल, निळे, हिरवे ठिपके हलायचे. त्या ठिपक्यांत मला पोर दिसायची, पांढरा कोट घालून दवाखान्याच्या पायऱ्या चढताना, गळ्यात हेच पेंडल. पेशंट तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. वरण खाली लागल्याचा वास आला की मी परत अकोल्यात यायची.

एक दिवस पेंडलची कडी सैल झाली, म्हणून जुन्या शहरातल्या सोनारकाकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि खडा दिव्याखाली धरला.

"काय झालं काका?"

"याच्यात काळा डाग हाय."

"कार्डावर तर डाग नाही म्हणून लिहिलं."

"कार्डावर काईबी लिहितात पोरी. भिंग काहून खोटं बोलते?"

पांढरा कोट, पायऱ्या, सगळं विझलं. सासूबाईंना कळलं तर पोरीचं लग्न होईपर्यंत मला हेच ऐकावं लागणार होतं. आणि पोरीच्या नावावर काय, तर डागी खडा?

रेडिओवर एकदा ऐकलं होतं. पावती जपून ठेवा, तक्रार लेखी द्या, एक प्रत स्वतःजवळ ठेवा, दुकानदारानं ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मी वहीची तीन पानं लिहून काढली. घरी सांगितलं, माहेरी चालले.

बसमध्ये खिडकी मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी आयोगासमोर उभी होते. बडनेऱ्याला निकाल माझ्या बाजूनं लागला. साहेबांनी विचारलं, "या बाईंचं शिक्षण किती?" सातवी म्हटल्यावर सगळी कचेरी उठून उभी राहिली. तेवढ्यात पोरीनं कंडक्टरची पिशवी ओढली आणि चिल्लर खाली सांडली.

दुकानाचे मॅनेजर चष्म्यातले, शांत गृहस्थ. त्यांनी पाणी मागवलं.

"भाऊ, मले पाणी नको. मले न्याय पाहिजे."

"पाणी तर घ्या ताई. न्यायाले वेळ लागते."

त्यांनी माझी तिन्ही पानं वाचली. भिंग लावलं. मग पेंडल उलटं केलं, कापसाला स्पिरिट लावलं आणि हिऱ्याची पाठ पुसली. कापूस काळा झाला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"ताई, याले तुपाचा वास येऊन राहिला."

आणि मला आठवलं. पेंडल आणलं त्याच आठवड्यात शेजारीण तीनदा म्हणाली होती, "बाई, काय चमकते गं." मला रात्रभर धसका. सकाळी पोरीला तीट लावली आणि बोटावर उरलेलं घरचं, तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ हिऱ्याच्या पाठीला लावलं. पुढे ती सवयच पडली.

"काजळ हाय ते," मी पोरीच्या टाळूकडे बघत म्हटलं.

"हिऱ्याले?"

"नजर लागते ना भाऊ."

काउंटरवर काम करणाऱ्या दोन पोरी एकदम खाली वाकल्या, काही पडलेलं नसताना शोधायला लागल्या. मॅनेजर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तक्रार लेखी आली म्हणजे तपासावंच लागते. खडा ठेवून जा, लॅबमध्ये पाठवतो." मी पावती घेतली आणि असं ठरवलं, की या जन्मी त्या रस्त्यानं जायचं नाही.

पंधरा दिवसांनी फोन. सासूबाई समोर गहू निवडत होत्या, म्हणून मी मोरीत जाऊन दार लावलं.

"वैशालीताई बोलता का? दुकानातून बोलून राहिलो."

"त्या घरी नाहीत. मी त्यांची जाऊ."

"बरं. त्यांना सांगा, रिपोर्ट आला. डाग नाहीच, पण रंग एफ नाही, एच निघाला. दोन पायऱ्या खालचा. कार्ड चुकीचं होतं. त्यांना कार्डाप्रमाणे दुसरा खडा मिळेल, नाहीतर सगळे पैसे परत. त्यांचा हक्कच हाय तो."

मी बादलीवर बसले. जो डाग नव्हता त्याच्यासाठी मी तीन पानं लिहिली. जो दोष खरा होता त्याचा एक शब्दही त्यात नव्हता. आणि आता हक्क स्वतः फोन करून बोलावत होता, तर मी माझीच जाऊ झाले होते.

"त्या नाही यायच्या भाऊ. त्यांना लाज वाटते."

"लाज आम्हाले वाटाले पाहिजे, जाऊबाई. चूक आमची हाय."

"मग त्यांच्या बदल्यात मी आली तर चालते का?"



"या ना," ते म्हणाले. "तुमचा आवाजही अगदी त्यांच्यासारखाच हाय. फक्त येताना आधार कार्ड त्यांचं आणा. अन् जमलं तर चेहराही त्यांचाच आणा."